चारशे वीस

"सर, उजवा हात पुढे करा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी केला. तो नेहमीसारखा नाचत होता. बाईंनी हातातल्या पाटीएवढ्या यंत्रावर बोट टेकवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि माझा हात थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा थांबला. शाळेत अठ्ठावीस वर्षं मी पी.टी. शिकवली. मी 'सावधान' म्हटलं की अख्खं मैदान ताठ उभं राहायचं, पण स्वतःचा हात काही माझं ऐकत नव्हता. त्या दिवशी ऐकलं, तेही माझं नाही, बाईंचं.

दाराशी सर्जेराव उभा होता. त्यानं रुमालानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण मला हसू येत होतं. ते हसू पुढचे दहा दिवस थांबलं नाही आणि सगळा घोळ त्यातूनच झाला.

मला कंपवात आहे. पार्किन्सन म्हटलं की लोक जरा मान देतात, म्हणून मी पार्किन्सन म्हणतो. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आणि कॉलरच्या हाडाखाली बॅटरी. तिच्यातून मेंदूला हलका करंट जातो. तो किती सोडायचा हे महिनाभरानं हळूहळू ठरवतात. ऑपरेशनच्या आधी बाईंनी सगळं नीट समजावलं होतं. हात सुधारेल, चालणं सुधारेल, पण बोलण्यावर आणि स्वभावावर कधी कधी परिणाम होतो. आमच्या शालननं, म्हणजे बायकोनं, विचारलं, स्वभाव बिघडतो की सुधारतो? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. "मग करून टाका," शालन म्हणाली, "आहे त्यापेक्षा काय बिघडायचंय?"

आता सर्जेरावाबद्दल सांगतो. सर्जेराव येडगे आमच्याच गल्लीतला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. कराड ते ढेबेवाडी त्याची वडापची जीप चालते, म्हणजे माणसं भरेपर्यंत थांबायचं आणि भरली की आणखी चार कोंबून निघायचं. माझा हात गेल्यापासून दर महिन्याला वडाप बुडवून तोच मला पुण्याला न्यायचा. माझ्या शर्टाची बटणं लावायचा, बुटाची नाडी बांधायचा, आणि हे सगळं अशा बेतानं की बघणाऱ्याला वाटावं, आपण गप्पाच मारतोय. मला भाऊ नाही. असता तरी त्यानं एवढं केलं नसतं.

गावात त्याला सर्जेराव कुणीच म्हणत नाही. म्हणतात चारशेवीस. नवीन माणूस ते ऐकून जीपमध्ये बसायलाच कचरतो, हा काय लबाड आहे की काय! पण ते नाव लबाडीचं नाही, खो-खोचं आहे.

सत्त्याऐंशी सालची जिल्ह्याची अंतिम फेरी. सर्जेराव तेव्हा एकोणीस वर्षांचा, आणि त्याच्यासारखा पळणारा मी नंतर पाहिला नाही. मुंबईच्या एका बँकेच्या संघाचा निवडकर्ता खुर्ची टाकून बसला होता. आज जो शेवटपर्यंत नाबाद राहील त्याला घेऊन जातो, नोकरीसकट, असं तो उघड बोलला होता. शेवटचा डाव, सात मिनिटांचा. गुण बरोबरीत. तुकडीतले दोघं बाद झालेले, सर्जेराव एकटा खांबामागून खांबापुढे समोरच्यांना झुलवतोय. आणि एकाएकी तो थांबला. खांबाशी कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. मागच्यानं येऊन पाठीत थाप मारली, सर्जेराव बाद. त्यानंतर शिट्टी झाली. एका गुणानं सामना गेला, बँकेचा माणूस दुसऱ्याच पोराला घेऊन गेला.

तो सगळ्यांना सांगत होता, मी मनात मोजत पळतो, माझे चारशे वीस झाले होते, सात मिनिटं भरली होती. कुणी ऐकलं नाही. घड्याळ चुकत नाही, माणूस चुकतो, असं त्याच्या वडिलांनीच, आप्पांनी, त्याला चारचौघांत सुनावलं. गावानं नाव ठेवलं, चारशेवीस. त्यानंतर त्यानं खो-खो सोडला. एवढंच नाही, स्वतःच्या अंदाजावर भरवसा ठेवणंच सोडलं. जीप मागं घेताना हा माणूस आजही खाली उतरून बघून येतो. लग्न ठरवायच्या वेळी मुलगी बघून आला आणि म्हणाला, मला आवडली, पण सर तुम्ही एकदा बघून या, माझं चुकत असंल.

त्या सामन्याचा वेळाधिकारी मी होतो.

तर, करंट सुरू झाला आणि मी सुटलो. पहाटे चारला उठून गच्चीवर कवायत. भाजीवालीला आहाराबद्दल व्याख्यान. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षपदाचा अर्ज भरला आणि प्रचाराला जे विरोधात उभे होते त्यांच्याच घरी जाऊन चहा पिऊन आलो. दुकानात शिरलो ते सायकल घेऊन बाहेर पडलो, आणि पाय खाली टेकत नाहीत हे घरी आल्यावर कळलं. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना सांगून टाकलं की तुमच्या गाण्याच्या क्लासला पोरं येतात ती समोरच्या वडापावसाठी. शालन कपाळाला हात लावून बसायची. मला मात्र वाटायचं, हाच खरा मी, इतकी वर्षं कुठं होतो! पूर्वी साध्या मुख्याध्यापकांसमोर माझी बोबडी वळायची. आता कलेक्टर आला असता तरी त्याला दंड बैठका काढायला लावल्या असत्या.

अशातच नवज्योत मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला. सर्जेरावाचं मंडळ ते. जुन्या खेळाडूंचा सत्कार होता, आणि जुने पंच म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. शालन म्हणाली, दोनच बोला. मी हो म्हटलं.

विठ्ठल मंगल कार्यालय गच्च भरलेलं. माझ्या हातात माईक आणि हात जराही हलत नव्हता, नुसत्या त्या कौतुकानं मी फुगलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक हसत होते. हसणारे लोक समोर असले की माझ्यासारख्या माणसाचं काही खरं नसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि टाळ्यावरून मला लाडू आठवला.

"आज तुम्हाला सत्त्याऐंशीच्या फायनलची गंमत सांगतो," मी म्हणालो.

आणि नकला करून सांगितली. माझं नवीन लग्न झालेलं, बायकोनं डब्यात बेसनाचे लाडू दिलेले. ते किती कोरडे होते, काही विचारू नका. सातवं मिनिट सरत आलं, भूक लागलेली, म्हटलं एक टाकावा तोंडात. टाकला. घड्याळाचा काटा आला आणि लाडू टाळ्याला चिकटून बसला. शिट्टी फुंकली तर फुस्स! बेसन शिट्टीत गेलं, आतली गोळी अडकली. मी शिट्टी मांडीवर आपटतोय, फुंकतोय, खोकतोय, आणि तिकडे खेळ चालूच. वाजली तेव्हा सहा सेकंद उलटून गेले होते. मी शिट्टी आपटायची, फुंकायची, डोळे पांढरे करायची, सगळी अ‍ॅक्शन करून दाखवली. कार्यालय हसून लोटपोट झालं. मंडळाचे अध्यक्ष खुर्चीवरून घसरले.

मग पहिल्या रांगेतलं हसणं थांबलं. त्या लोकांनी मागं वळून बघितलं. मग दुसरी रांग वळली. सर्जेराव मागच्या दाराशी खांबाला टेकून उभा होता, गळ्यात सत्काराचा हार. तो हसत नव्हता आणि रागावलेलाही दिसत नव्हता. नुसता माझ्याकडे बघत होता. मी आणखी दोन विनोद सांगितले. ते कुणीच ऐकले नाहीत.

जीपमध्ये तो एक शब्द बोलला नाही. घरापाशी उतरताना नेहमीसारखा माझ्या कोपराला हात दिला, मान खाली घालून गेला. शालन तोवर रडकुंडीला आली होती. तिला दोन दुःखं होती, एक सर्जेरावाचं आणि एक लाडवाचं. दुसऱ्या दिवसापासून तिनं गल्लीत घरोघर सांगायला सुरुवात केली, ह्यांच्या मशीनचा करंट जास्त झालाय, काहीही बरळतात, लाडू-बिडू सगळं मनचं, माझे लाडू कधी कोरडे झालेत का? गावाला ते लगेच पटलं. पटवून घेणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. पस्तीस वर्षं एका माणसाला विनाकारण चिडवलं असं कोण मान्य करील?

आणि मला? मला तर देवच पावला. दोन दिवसांनी भाषणाची नशा उतरली तेव्हा कळलं, आपण काय बोलून बसलो ते. त्या दिवशी मैदानावरच मी बोललो असतो तर पोराची नोकरी वाचली असती. पण पंचांसमोर, त्या बँकेच्या माणसासमोर, लाडू खात होतो म्हणून कसं सांगायचं? मी अंगठ्यानं घड्याळ शून्यावर आणलं आणि म्हणालो, वेळ बरोबर आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, ती खवखव मी पस्तीस वर्षं गिळली. आता ती भर सभेत बाहेर पडली होती, तेही हशा मिळवायला. सर्जेराव उद्यापासून यायचा नाही. मग मला पुण्याला कोण नेणार, याची मला आधी काळजी वाटली. त्याचं काय झालं असेल हे त्यानंतर आठवलं. खोटं कशाला बोलू, हाच क्रम होता.

तीन आठवड्यांनी पुण्याची तारीख होती. सकाळी सहाला दारात जीपचा हॉर्न वाजला. तो आला होता. कराडपासून पुण्यापर्यंत आम्ही पावसापाण्यावर बोललो.

बाई सोबतच्या माणसाला आधी विचारतात, पेशंटचं काय खरं नसतं म्हणून. सर्जेरावानं सायकल सांगितली, निवडणूक सांगितली, कुलकर्णीकाकू सांगितल्या. मग म्हणाला, "मंडळाच्या कार्यक्रमात भाषण केलं."

"काय बोलले?"

"जुनी एक गोष्ट सांगितली. खरी का खोटी, ते सरांनाच ठावं." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, सर, हे नीट सांगा, कारण माझं पुढचं त्यावर ठरेल. नुसता उत्साह वाढून तुम्ही मनातलं बोललात, तर थोडासाच करंट कमी करू, हात असाच राहील. पण न घडलेल्या गोष्टी तुम्ही घडल्या म्हणून सांगत असाल तर ते वेगळं, मला करंट बराच कमी करावा लागेल, हात पुन्हा हलेल. ते घडलं होतं का?

खोलीत पंखा फिरत होता. सर्जेराव पुढं वाकून बसला होता, गुडघ्यांवर हात, खो-खोच्या चौकात बसलेला गडी खो मिळायची वाट बघतो तसा.

"नाही," मी म्हणालो. "मशीनमुळे काहीतरी तोंडातून गेलं."

बाईंनी मान डोलावली आणि बोट टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. माझ्या मांडीवरचा हात आधी नुसता शहारला, मग अंगठा हलायला लागला, मग सगळा हात पूर्वीसारखा नाचू लागला. अंगातला उत्साह आधीच ओसरला होता, आता उरलासुरला गेला. खुर्चीत पुन्हा तोच जुना नलवडे सर येऊन बसला, भित्रा. बाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, महिन्यानं परत बघू. मी म्हटलं, नाही हो, वाईट कसलं. सर्जेराव उठून माझी पिशवी घ्यायला गेला, तेव्हा त्याचं तोंड मला दिसलं नाही.

खंबाटकी ओलांडल्यावर सुरूरच्या अलीकडे आम्ही नेहमी चहाला थांबतो. त्यानं दोन चहा आणले. मी पेला उचलला आणि निम्मा चहा धोतरावर, म्हणजे पँटवर. धोतर हात गेल्यापासून सुटलं, ते नेसायला सुद्धा हात लागतात. सर्जेरावानं काही न बोलता माझा पेला धरला आणि ओठाला लावला. मी त्याच्या हातानं चहा प्यायलो. मग त्यानं पेला खाली ठेवला.

"सर, येक सांगू का?"

"सांग."

"बरं झालं तुम्ही आज सांगितलं त्ये. न्हाईतर माझं याड वाढत चाललं हुतं."

मला वाटलं, आता हा शिव्या देणार. दे म्हटलं मनात, निदान तेवढं तरी होऊ दे.

"त्या कार्यक्रमापासनं मी लई खुशीत हुतो," तो म्हणाला. "कुणाला बोललो न्हाई. बायकोला बी न्हाई. सारखं वाटायचं, माझं चारशे वीस बरोबर हुतं. परवा जीप मागं घेतली, खाली न उतरता. बरोबर घेतली." तो जरा हसला. "नोकरीचं काय न्हाई हो सर. तवाच गेली ती, आता माझा बी नातू शाळेत जातोय. पर आप्पा जाईपतूर म्हणत हुते, तुला साधं मोजता येत न्हाई. तेवढं मनात हुतं. असू द्या. मशीनच हुतं म्हणल्यावर काय."

तो उठला आणि पेले परत द्यायला निघाला.

मी तीन आठवडे समजत होतो की हा माणूस रागानं गप्प आहे. तो आनंदानं गप्प होता. आणि तो आनंद मी दोन तासांपूर्वी, पंख्याखाली बसून, माझा हात देऊन, काढून घेतला होता. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी निदान तोंडात लाडू होता. या वेळी तोंड रिकामं होतं तरी शिट्टी वाजली नाही. माझी मलाच इतकी किळस आली की मी उठून उभा राहिलो.

"सर्जेराव," मी हाक मारली.

तो वळला. माझा हात, मान, ओठ, जे जे हलू शकतं ते सगळं हलत होतं. बॅटरीनं तर केव्हाच माघार घेतली होती. टाळ्याला जीभ चिकटली होती आणि या वेळी बेसनाचा काही दोष नव्हता.

"मशीन नव्हतं," मी म्हणालो. "खरं आहे ते. मी लाडू खात होतो. तुझं चारशे वीस बरोबर होतं. मी घड्याळ शून्यावर आणलं आणि पस्तीस वर्षं गप्प बसलो. शिट्टी सहा सेकंद उशिरा वाजली."

तो पेले हातात घेऊन तसाच उभा राहिला. रस्त्यावरून ट्रक गेले. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती, मला वाटलं, पुटपुटतोय काहीतरी.

"सहा न्हाई, सर," तो म्हणाला. "सात."

"काय?"

"सात. थाप बसल्यावर बी मी मोजत हुतो. चारशे सत्तावीसला वाजली तुमची शिट्टी."

मी कधी मोजलेच नव्हते. घड्याळाकडे बघायची छाती नव्हती म्हणून अंदाजानं सहा धरले होते, आणि त्या अंदाजातही एक सेकंद स्वतःला सूट दिली होती. तो जीपच्या मागं गेला, कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मग फोन काढला. त्याच्या बायकोशी बोलत होता, मला एवढंच ऐकू आलं, "अगं, बरोबर हुतं. न्हाई, मी येड्यासारखं न्हाई बोलत. माझं बरोबर हुतं म्हणतोय."

कराड आलं. दारात उतरताना त्यानं माझ्या कोपराला हात दिला. मला माफ केलं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढची तारीख कधीची आहे, एवढं विचारून गेला.

नंतरचं थोडक्यात. बाईंना मी फोनवर खरं सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी करंट बेताबेतानं वाढवला. आता हात पुष्कळ थांबतो, जीभ मात्र जरा जड झाली आहे, आणि शालनला ती आणखी थोडी जड झाली तरी चालेल. मंडळाच्या पुढच्या सभेत मी स्वतःहून उभा राहिलो आणि शुद्धीवर, एकही विनोद न करता, सगळं पुन्हा सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अध्यक्षांनी शालनला बाजूला घेऊन सांगितलं, वहिनी, सरांचा करंट परत वाढलेला दिसतोय, एकदा दाखवून आणा.

म्हणून गावात सर्जेरावाला अजून चारशेवीसच म्हणतात. आम्ही दोघं जीपमधून जात असलो आणि स्टँडवर कुणी "ए चारशेवीस" म्हणून हाक मारली, की आता आम्ही दोघंही वळून बघतो.